टाळेबंदीतलं ठणकणारं अंग

डोंबिवलीतलं दोन खोल्यांचं एक घर डोळ्यांसमोर आणा. २०२० च्या एप्रिलमधली सकाळ. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा, दोन मुलं आणि ४२ वर्षांची ती. एरवी सकाळी आठपर्यंत हे घर निम्मं रिकामं व्हायचं, आता कुणी कुठेच जात नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना सोसायटीने गेटवरूनच परत पाठवलंय. ओट्यावरच्या परातीत २८ पोळ्यांची कणीक आहे. ती पाणी घालते, पीठ गोळा करते आणि मुठीने दाबायला लागते तशी मनगटापासून खांद्यापर्यंत कळ जाते. ती थांबते, बांगड्या काढून ओट्यावर ठेवते. बांगडीचा नुसता स्पर्श आज सोसवत नाही. मंगळसूत्र तर आठवड्यापूर्वीच कपाटात गेलंय, मानेला त्याचा काच होतो.

"अगं, अंग दुखतंय तर एकदा ताप बघ ना," सासूबाई दारातूनच विचारतात.

"ताप नाही आई. नेहमीचंच आहे."

सासूबाई तरीही आत येत नाहीत. त्या दिवसांत अंगदुखी हा शब्दच दहशतीचा झाला होता.

हे घर कुणा एका कुटुंबाचं नाही, अशा अनेक घरांतल्या गोष्टी मी इथे एकत्र केल्या आहेत. पण यातलं 'नेहमीचंच आहे' हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळं जग एका नव्या आजाराला तोंड देत होतं, तेव्हा काही माणसं एका जुन्या आजारासकट त्यात सापडली. रोजचं दुखणं, न संपणारा थकवा, उद्या अंग साथ देईल की नाही याची खात्री नसणं, हे त्यांच्या परिचयाचंच होतं. त्या जुन्या आजाराचं नाव फायब्रोमायल्जिया.

निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र पाहिल्या तर साधारण २ ते ४ टक्के लोकांना हा आजार असतो, आणि त्यांत बायकांचं प्रमाण जास्त. तीन महिन्यांहून अधिक काळ सर्वांगात दुखणं राहतं. आज खांदे, उद्या कंबर, परवा पोटऱ्या. रात्रभर अंथरुणात पडूनही सकाळी अंग आंबलेलंच असतं. डोकं मध्येच चालेनासं होतं, म्हणजे गॅसवर दूध ठेवल्याचं लक्षात राहत नाही किंवा रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव ओठांवर येऊन सापडत नाही. रुग्ण याला डोक्यातलं धुकं म्हणतात. आणि रक्त तपासावं, एक्स-रे काढावा, तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग घरात कुणीतरी हळूच म्हणतं की हे मनाचं आहे. काही घरांत तर हळूच म्हणण्याइतकंही भान राखलं जात नाही.

या आजाराला धड नाव मिळायलाही फार वेळ लागला. १९०४ मध्ये लंडनच्या सर विल्यम गॉवर्स या मज्जाविकारतज्ज्ञाने स्नायूंभोवतीच्या तंतूंना सूज येत असावी असं मानून 'फायब्रोसायटिस' हा शब्द काढला. ती सूज पुढे कुणाला सापडली नाही. १९७६ च्या सुमारास 'फायब्रोमायल्जिया' हे नाव आलं. त्याचा अर्थ एवढाच की तंतू आणि स्नायू दुखतात. १९९० मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निदानाची कसोटी ठरवली. शरीरावरच्या १८ ठरावीक जागा डॉक्टरांनी अंगठ्याने दाबायच्या आणि त्यांतल्या किमान ११ दुखल्या पाहिजेत. हीच संघटना २०१० मध्ये ती अंगठ्याची परीक्षा सोडून प्रश्नांकडे वळली. गेल्या आठवड्यात कुठे कुठे दुखलं, झोपेतून ताजंतवानं होऊन उठलात का, थकवा किती आहे, लक्षात राहतं का? पुढे या प्रश्नावलीत दुरुस्त्या झाल्या, पण दिशा तीच राहिली. रुग्ण काय सांगतो ते नीट ऐकायचं आणि मोजायचं. दहा वर्षांनी दवाखान्यांची दारं बंद झाली, डॉक्टर आणि रुग्ण एकमेकांना हात लावू शकेनात, तेव्हा हा बदल किती उपयोगी पडला ते कळलं. या आजारात फोनवरून बरंच काही विचारता येतं आणि समजतंही.

मग दुखतं नेमकं का? स्नायूंत, सांध्यांत झीज नसते. बदल झालेला असतो तो वेदनेचा निरोप पोहोचवणाऱ्या आणि वाचणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मेरुरज्जू आणि मेंदूत. २००२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूची छायाचित्रं घेतली. निरोगी माणसाच्या मेंदूतले जे भाग जोरदार दाबाला जागे होत होते, जवळपास तेच भाग फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांत बऱ्याच हलक्या दाबाला जागे होत होते. दाराची कडी वाजावी आणि घरात ढोल बडवल्यासारखं ऐकू यावं, तसं. बांगडी टोचते ती अशी. महासाथ चालू असतानाच, २०२१ मध्ये, ब्रिटन आणि स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट दाखवली. रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं उंदरांना टोचल्यावर ते उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त हळवे झाले. ही प्रतिपिंडं माणसात नक्की काय करतात हे ठरायला अजून वेळ आहे. पण उंदरावर 'नाटकं करतोय' असा आरोप कुणी करू शकत नाही, आणि वर्षानुवर्षं तो आरोप ऐकलेल्या माणसांना या बातमीने किती धीर आला असेल याची कल्पना करता येते.

आता झोपेकडे वळतो, कारण महासाथीत या रुग्णांचं जे झालं त्याची किल्ली मला तिथे दिसते.

कॅनडातल्या टोरांटो शहरात हार्वी मोल्डॉफ्स्की नावाचे झोपेचे अभ्यासक होते. १९७५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी तरुण विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत झोपवलं. त्यांना गाढ झोप लागत आली, की आवाज करून ती मोडायची. पूर्ण जागं करायचं नाही, फक्त गाढ झोपेच्या तळाला जाऊ द्यायचं नाही. तीन रात्री हे केल्यावर त्या धडधाकट मुलांची अंगं दुखायला लागली, दाबलं की कळ येऊ लागली. नीट झोपू दिल्यावर दुखणं ओसरलं. दुखण्यामुळे झोप मोडते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण झोप मोडली म्हणूनही दुखू शकतं हे त्या प्रयोगाने समोर ठेवलं.

२००३ मध्ये त्याच टोरांटोत सार्सची साथ आली. तो विषाणू करोनाच्याच कुळातला. बरे झालेले काही जण, त्यांतले बरेचसे रुग्णालयांतले कर्मचारी, महिनोन्‌महिने कामावर परतू शकले नाहीत. सर्वांगात दुखणं, थकवा, निराशा आणि ताजंतवानं न करणारी झोप. मोल्डॉफ्स्कींनी अशा २२ जणांना तपासलं, फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांशी त्यांची तुलना केली आणि २०११ मध्ये लिहिलं, की या दोन्ही अवस्था एकमेकींशी बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत. हा लेख छापून आला तेव्हा कोविडला अजून आठ-नऊ वर्षं अवकाश होता. तो तेव्हा जास्त डॉक्टरांनी वाचला असता तर २०२० साली 'कोविड बरा झालाय, आता काय दुखतंय?' हा प्रश्न थोड्या कमी रुग्णांना ऐकावा लागला असता, असं मला राहून राहून वाटतं.

आपल्याकडे २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाने वर्षानुवर्षं चुकतमाकत बसवलेली दिवसाची घडी एका रात्रीत विस्कटली. या आजारात दिवसाची घडी म्हणजे निम्मं औषध. संधिवाताच्या युरोपीय संघटनेने २०१७ मध्ये सगळे पुरावे तपासून उपचारांच्या शिफारशी केल्या, तेव्हा ठाम शिफारस एकाच गोष्टीची होती: व्यायाम. तोही शरीराला सोसेल असा, हळूहळू वाढवत नेलेला. चालणं, पाण्यातले व्यायाम, हलके ताण. टाळेबंदीत बागा बंद, तरणतलाव बंद, फिजिओथेरपीची केंद्रं बंद. सोसायटीच्या गच्चीला कुलूप. पार्किंगमध्ये चार फेऱ्या मारल्या तर वरून कुणीतरी हटकायचं. अंग जितकं पडून राहतं तितकं जास्त आखडतं, आखडलं की हलवावंसं वाटत नाही, आणि आठ दिवसांत बाथरूमपर्यंत जाणंही जिवावर येतं.

पण डोंबिवलीच्या त्या घरात पडून राहण्याची सोय होती कुठे? तिचा त्रास नेमका उलटा होता. ऑफिसचं काम लॅपटॉपवर, मुलांची शाळा मोबाइलवर, सहा माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, मधल्या वेळचं खाणं, भांडी, केर, लादी. लादी पुसताना उकिडवं बसलं की उठताना मांड्या थरथरायच्या. चादरी पिळताना पंजा वळायचा. या रुग्णांच्या बाबतीत एक चूक पुन्हा पुन्हा घडते: एखादा दिवस बरा जातो, मग 'आज बरं वाटतंय तर माळा काढून घेऊ' असं होतं, आणि पुढचे चार दिवस अंथरुणात. जाणकार डॉक्टर सांगतात, की बऱ्या दिवशी थोडं कमी करा, वाईट दिवशी थोडं तरी करा, आणि दोन्ही दिवस शक्य तितके सारखे ठेवा. टाळेबंदीत हा सल्ला पाळणं त्याच बाईला शक्य होतं, जिच्या घरात दुसरं कुणी उठून भांडी घासत होतं.

या आजाराच्या चर्चेत ताणतणाव हा शब्द सारखा येतो, आणि तो बहुतेक वेळा असा वापरला जातो जणू ताण माणसाच्या डोक्यात आपोआप उगवतो. भीती खरीच होती. रोजचे आकडे, रुग्णवाहिकांचे आवाज, २०२१ च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी चाललेली धावाधाव, यांनी धडधाकट माणसांचीही झोप उडवली. पण या बायकांच्या अंगावर आलेला ताण मोठ्या प्रमाणात मोजता येण्यासारखा होता. किती पोळ्या, किती बादल्या, किती तास उभं राहणं, रात्री किती वेळा उठणं. तो मोजायला घरातलं कुणी बसलं नाही एवढंच.

दुसरी बाजूही खरी आहे, आणि ती अभ्यासकांनाही अनपेक्षित होती. स्पेनमध्ये टाळेबंदी फार कडक होती. तिथे काही संशोधकांकडे रुग्णांच्या आधीच्या नोंदी होत्या. टाळेबंदीनंतर त्यांनी त्याच रुग्णांना पुन्हा तपासलं, तर एकंदरीत लक्षणीय बिघाड दिसला नाही. इतर ठिकाणच्या काही पाहण्यांत रुग्णांनी दुखणं, निद्रानाश आणि चिंता वाढल्याचं सांगितलं होतं. हा विरोधाभास पहिल्यांदा वाचला तेव्हा मी गोंधळलो. पण डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभं राहिलेल्या कुणालाही तो उलगडेल. मार्च २०२० च्या अखेरीस लोकल बंद झाली. म्हणजे रोजचा जाता-येता तासाभराहून अधिक प्रवास थांबला. दांडीला लोंबकळणं, पाठीत घुसणारी कोपरं, जिना चढताना मागून येणारा रेटा, हे सगळं संपलं. ज्यांच्या घरात काम वाटून घेतलं जात होतं, त्यांना दुपारी अर्धा तास आडवं होता आलं, दुखेल तेव्हा खुर्ची बदलता आली, दिवस आपल्या हाताने कापून-जोडून घेता आला. अशा माणसांना टाळेबंदीत थोडं बरंच वाटलं. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या सगळ्यांना लोकल खुली झाली, तेव्हा काहींना आनंदाइतकीच धास्तीही वाटली असणार.

माझं मत असं झालं आहे, की लांबलेल्या महासाथीत हे रुग्ण कसे राहिले याचं उत्तर प्रत्येकाच्या घरागणिक वेगळं आहे. दिवसावर ज्याची सत्ता, त्याचं दुखणं आटोक्यात.

विषाणूची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण त्यात गैरसमज फार झाले. फायब्रोमायल्जियामुळे प्रतिकारशक्ती ढासळते, म्हणून या रुग्णांना कोविड हटकून गंभीर होणार, अशी भीती पसरली होती. तिला आधार नव्हता. ल्युपस किंवा आमवातासारख्या आजारांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावी लागतात, या आजारात ती दिली जात नाहीत. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या ज्या सहव्याधीग्रस्तांना लस मिळू लागली, त्या २० व्याधींच्या सरकारी यादीत फायब्रोमायल्जिया नव्हता, आणि वैद्यकीयदृष्ट्या ते समजण्यासारखं होतं. मात्र कोविड झाल्यावर आधीचं दुखणं उसळतं हे इटलीतल्या रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं: करोना होऊन गेलेल्यांचा त्रास न झालेल्यांपेक्षा जास्त होता. लशीनंतरही काहींचं अंग दोन-तीन दिवस जास्त ठणकलं. त्यासाठी लस टाळण्याचं कारण नव्हतं.

खरी पंचाईत ओळखण्याची होती. अंगदुखी, थकवा, डोकेदुखी ही कोविडची लक्षणं, आणि यांची रोजची. मग रोज चाचणी करायची का? काहींनी प्रत्येक कळेला घाबरून नाकात काडी घालून घेतली. काहींनी 'नेहमीचंच' म्हणत खरा संसर्ग अंगावर काढला. पुढे कुठलीही साथ आली तरी उपयोगी पडेल म्हणून सांगतो: थर्मामीटरवर दिसणारा ताप फायब्रोमायल्जियात येत नाही. खोकला येत नाही, वास एकाएकी जात नाही, आणि बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली घसरत नाही. यातलं काही झालं तर ते नेहमीचं समजू नये.

औषधांच्या बाबतीत एक धोका फारसा बोलला गेला नाही. प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन, कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन ही या आजारात वापरली जाणारी औषधं. ती वेदनेच्या निरोपांचा जोर कमी करतात, पण एकदम बंद करायची नसतात. प्रीगॅबालिन अचानक थांबलं तर झोप उडते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. ड्युलोक्सेटिन थांबलं तर चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. आणि २०२० च्या एप्रिलमध्ये नेमकं हेच घडण्याजोगं होतं: चिठ्ठी जुनी झालेली, डॉक्टरांचा दवाखाना बंद, चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला औषधवाला तयार नाही. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकीय सल्ल्याची नियमावली काढली आणि फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला व चिठ्ठी देण्याला स्पष्ट चौकट मिळाली. ज्यांच्याकडे बरा मोबाइल आणि ओळखीचे डॉक्टर होते त्यांची सोय झाली. व्हिडिओवर बोलायला घरात एकांत मिळणं ही आणखी निराळी अडचण. सासरची सगळी मंडळी खोलीत असताना 'मला झोप लागत नाही, रडू येतं' हे डॉक्टरांना कसं सांगणार?

तरीही फोनवरची मदत म्हणजे नाइलाजाने चालवून घेतलेली गोष्ट असं समजू नका. ब्रिटनमध्ये २०१२ मध्येच सर्वांगदुखीच्या ४४२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. काहींना समुपदेशकाने ठरावीक दिवशी फोन करून विचारांच्या आणि सवयींच्या बदलावर काम केलं, काहींना व्यायाम शिकवला, काहींना दोन्ही. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी १०० तले ८ जण बरं वाटतंय म्हणाले, फोनवरून समुपदेशन मिळालेल्यांत सुमारे ३०. आठवड्याला एक फोन, पण वेळेवर, आणि पलीकडचं माणूस विश्वास ठेवून ऐकणारं. महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी संधिवाततज्ज्ञ सहसा नसतो, फोन मात्र घरोघरी आहे. हा मार्ग साथीपुरता उघडला गेला. तो कायमचा चालू ठेवायला हवा.

कोविड होऊन गेलेल्यांची दुसरी रांग याच दारात येऊन उभी राहिली आहे. इटलीत एप्रिल २०२१ मध्ये झालेल्या एका ऑनलाइन पाहणीत कोविडमधून उठलेल्या ६१६ लोकांपैकी १८९ जण, म्हणजे ३०.७ टक्के, फायब्रोमायल्जियाच्या कसोटीत बसले. हा आकडा सावधपणे वाचावा. ज्यांना त्रास होतो तेच अशा पाहणीत उत्साहाने भाग घेतात, म्हणून कोविड झालेल्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला हा आजार होईल असं त्यातून निघत नाही. पण एक गोष्ट ठळक आहे: या १८९ जणांत पुरुषांचं प्रमाण अनपेक्षितरीत्या मोठं होतं. ज्याला बायकांचं दुखणं म्हणून शंभर वर्षं बाजूला सारलं गेलं, ते आता पुरुषांच्याही अंगाला लागलं आहे. त्यामुळे तरी त्याकडे नीट पाहिलं जाईल अशी आशा वाटते, आणि तसं झालं तर त्यासाठी इतकं थांबावं लागलं याचं वाईटही वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. त्यानंतर आठवड्याभरात, १२ मे रोजी, फायब्रोमायल्जियाचा जागतिक जागृती दिन आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस. आयुष्याची कित्येक वर्षं त्यांनीही अंथरुणाला खिळून, दुखणं सोसत, तिथूनच काम करत काढली होती.

डोंबिवलीच्या त्या घरात मावशी परत कामाला येऊ लागल्या आहेत, मुलं शाळेत जातात, ती लोकलने ऑफिसला जाते. दुखणं आहेच. तुमच्या घरात असं कुणी असेल, बायको, आई, बहीण किंवा कोविडनंतर गप्प झालेला भाऊ, तर आज रात्री त्यांना वेळेवर झोपू द्या, आणि उद्या सकाळची कणीक तुम्ही मळा.